निळ्या गालिच्याची रांग

१२ जानेवारी, रविवार

नवी वही सुरू केली. जुनीत अजून चार पानं शिल्लक होती, पण मुलीने ही आणून दिली. जाड पुठ्ठा, आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून कागद ठेवायला खिसा. मी स्वतः असली चैन कधी केली नसती.

वहीबरोबर दुसरी भेटही आणली होती. माझी नोकरी संपून दोन वर्षं झाली, हिची शाळाही तेव्हाच सुटली, तर आम्हा दोघांना तिने जहाजाची सफर दिली आहे. १६ फेब्रुवारीला निघायचं, २० ला परत. मी नको म्हणणार होतो. समुद्र काठावरून दिसतो तेवढा मला पुरतो. पण ही मध्येच म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं फळ्यावर समुद्र काढला हो. निळा खडू आडवा धरून धरून बोटं निळी व्हायची. एकदा चारी बाजूंनी पाणी बघू दे मला."

हिने शाळेत भूगोल शिकवला. सहसा काही मागत नाही, त्यामुळे मागते तेव्हा मला नाही म्हणवत नाही. हो म्हणालो. मुलीने हिच्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. जहाजाच्या सफरीत रडण्यासारखं काय आहे, देव जाणे.

१९ जानेवारी, रविवार

काल जुन्या ऑफिसातून फोन आला. माझ्या जागेवर आता एक बाई आहेत. खोटा दाखला कसा ओळखायचा ते नव्या मंडळींसाठी एका पानात लिहून द्याल का, असं विचारत होत्या. जीव सुखावला, उगाच नाही कशाला म्हणू. एकतीस वर्षं मी सवलतीच्या खिडकीमागे बसलो. आजारी माणसाला बसच्या पासात सवलत, त्यासाठी डॉक्टरचा दाखला, आणि तो दाखला खरा की बनावट हे ठरवणारा मी. ऑफिसात मला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे 'भिंग'. मला दोन्ही ठाऊक होतं. भिंग जास्त आवडायचं.

आधी इथे कच्चं लिहून बघतो. पहिलं बघायचं ते अक्षर. खोटा दाखला सुवाच्य असतो, कारण तो लिहिणाऱ्याकडे वेळ असतो. खऱ्या डॉक्टरच्या दारात तीस माणसं ताटकळत बसलेली असतात. मग आजार. खोट्यात आजार वाजतगाजत येतो, 'अत्यंत तीव्र', 'असह्य', 'गंभीर स्वरूपाचा'. खऱ्यात एक कोरडी ओळ. त्यानंतर खाडाखोड. खऱ्यात एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहिलेला असतो, शेजारी बारीक सही. खोट्यात चूक नसते, चूक करायची हिंमतच नसते. आणि चौथी कसोटी माझी स्वतःची, ती कुठल्याच नियमात सापडायची नाही. घडी. खोटा कागद आदल्या दिवशी जन्मलेला असतो, त्याची घडी करकरीत. खरा कागद माणसाने घरी वीस वेळा उघडून वाचलेला असतो. त्याच्या घड्या सुती रुमालासारख्या मऊ होतात.

दाखला खरा ठरला की मी हिरव्या शाईने कोपऱ्यात लिहायचो, 'पाहिले. खरे.' खाली सही आणि तारीख. तारीख त्याच दिवसाची. मागची तारीख टाकायची नाही, समोरचा कितीही गयावया करो.

हिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, "आणि कधी चुकलात का हो?"

"एकदाही नाही."

"मग बरंय," म्हणाली आणि उशा सारख्या करून पडली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. हल्ली हिला केव्हाही पडायला लागतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

हिचे नखरे वाढत चाललेत. मिठाचा डबा टेबलावरून गायब. विचारलं तर म्हणे मासिकात वाचलं. पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आहेत आणि दिवसभरात शेवटच्या रेघेपर्यंतच प्यायचं, मग घसा कोरडा पडला तरी चालेल. झोपायला तीन उशा. पाय पसरट झाले म्हणून नव्या चपला आणल्या, एक नंबर मोठ्या. आणि जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत उभी राहते. इतकी वर्षं त्या कुंड्यांकडे हिने ढुंकून बघितलं नव्हतं, आता दर खेपेला एकेका पानाची विचारपूस चालते. मी वर जाऊन कुलूप उघडून चहाचं आधण ठेवलं तरी हिचा पत्ता नसतो.

मंगळवारी मुलीच्या औषधाच्या दुकानात जाते, माल लावायला मदत करते म्हणे. या मंगळवारी आली तर कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला. खिळा लागला म्हणाली. मी म्हटलं, कोपराच्या आतल्या बाजूला खिळा कसा लागतो ते दाखव बरं. तर म्हणते कशी, "मी तुमच्या खिडकीवर आलेली नाही."

हसायलाच आलं. चाळीस वर्षं झाली, अजून जिभेला धार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

बंदराची माहितीपुस्तिका तिसऱ्यांदा वाचली. काम गुंतागुंतीचं आहे, पण ज्याने आखलं त्याला डोकं आहे. मोठ्या सामानाला रंगीत चिठ्ठी बांधून बाहेरच हमालाच्या हवाली करायचं, ते परस्पर खोलीत येतं. मग गटाप्रमाणे आत. आमचा गट सातवा, वेळ साडेबारा. आत गेल्यावर पिशव्यांची तपासणी, मग ओळखपत्र आणि तब्येतीचा फॉर्म, मग फोटो, मग खोलीचं कार्ड, आणि शेवटी जहाजावर चढायचा पूल. मी ठरवलंय, पावणेअकरालाच पोचायचं. वेळ कितीही छापलेली असो, रांग ही आधी येणाऱ्याची असते.

शेवटच्या पानावर आणखी एका रांगेबद्दल लिहिलंय. महागड्या खोल्यावाले, वारंवार प्रवास करणारे, आणि 'ज्यांना फार वेळ उभे राहणे शक्य नाही असे प्रवासी'. त्यांना आधी प्रवेश, वेगळ्या दाराने. फोटोत निळा गालिचा अंथरलेला दिसतो. हिला दाखवलं, म्हटलं बघ, पैसेवाले आणि आजारी एकाच गालिच्यावर. आजाऱ्यांची चंगळ आहे.

"आजाऱ्यांना हेवा वाटत असेल हो," ही म्हणाली.

"कुणाचा?"

"रांगेतल्यांचा."

कधी कधी काय बोलते, काही कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात जे झालं ते लिहायची लाज वाटते.

तिकिटांचा लिफाफा तपासत होतो. आत डॉक्टरचा दाखला निघाला. हिच्या नावाचा. 'हृदयाची क्षमता कमी. फार वेळ उभे राहणे व चढ टाळावा. प्राधान्याने प्रवेश द्यावा.' बस, एवढंच. 'निम्मी' असं लिहून ते खोडलंय आणि वर 'निम्म्याहून कमी' केलंय, शेजारी बारीक सही. अक्षर असं की मला खरोखरचं भिंग आणावं लागलं. घड्या मऊ. बनवणाऱ्याची कमाल आहे. एकतीस वर्षांत इतका बेमालूम खोटा दाखला माझ्या हातात आला नाही. आणि येणार तरी कसा? आमची मुलगी औषधाच्या दुकानात बसते, दहा डॉक्टर ओळखीचे. माझ्या चारही कसोट्या लहानपणापासून जेवताना तिच्या कानावर पडल्यात. त्या समोर ठेवूनच कागद करवून घेतला.

मुलगी इथेच होती. कागद समोर धरून विचारलं, हे काय आहे? ती पांढरीफटक पडली. "बाबा, तो..." एवढंच म्हणाली. हिने पुढे बोलूच दिलं नाही.

"खोटा आहे हो," ही म्हणाली, अगदी हसत हसत. "मीच मागवला तिच्याकडून. दोन दोन तास कोण उभं राहणार? म्हटलं, जाऊ या गालिच्यावरून राणीसारखं."

मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ओट्यावर भांडं एकही नव्हतं.

मी नको तितकं बोललो. ज्या माणसाने जन्मभर असले कागद परत पाठवले, त्याच्याच घरात हा निघावा! ज्यांना खरंच उभं राहवत नाही त्यांच्या पुढे घुसायचं, तेही आजारी असल्याचं सोंग करून? ही सगळं खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं. नाही वापरायचा. पण जायचं ना आपण? रद्द नाही ना करणार?"

जायचं, म्हटलं. पण रांगेतून. हिचा जीव भांड्यात पडला. कागद मी टेबलाच्या खणात टाकला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुलीचा फोन. "बाबा, तो कागद बरोबर न्या. माझ्यासाठी न्या."

मी नाही म्हटलं.

"तुम्ही एकदा आईकडे नीट बघा ना बाबा," म्हणाली आणि रडायला लागली. चोरी पकडली गेली की माणूस रडतोच, खिडकीत मी हे रोज बघायचो. म्हटलं, चाळीस वर्षं बघतोय तुझ्या आईकडे. तेवढ्यात हिने माझ्या हातून फोन घेतला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून एवढंच दिसत होतं की ही बोलतेय आणि नाही नाही अशी मान हलवतेय.

मुलगी म्हणाली म्हणून संध्याकाळी हिच्याकडे नीट बघितलं. चांगली आहे. उलट जरा गोरीच झालीय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सामान बांधून तयार. हिने पुन्हा खोडी केलीच. हिची पर्स उघडली, ओळखपत्रं आहेत ना ते बघायला, तर आतल्या कप्प्यात तोच दाखला. खणातून केव्हा काढला कोण जाणे. म्हणजे माझ्यासमोर हो म्हणायचं आणि माझ्या पाठीमागे गालिच्यावर जायचं.

या वेळी भांडलो नाही. कागद गुपचूप काढून घेतला आणि या वहीच्या मागच्या खिशात सरकवला. फाडला नाही. कागद फाडायचा नसतो, खोटा असला तरी. वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच असते, तेव्हा कुठे जायचा नाही.

ही आरशासमोर उभी राहून नवी टोपी घालून बघत होती. उन्हासाठी घेतलीय, रुंद काठाची. "कशी दिसते?" म्हणाली. म्हटलं, भूगोलाच्या बाई सहलीला निघाल्या. लहान मुलीसारखी खूष झाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

जहाजावरून लिहितो आहे. खोली लहान पण नीटनेटकी, खिडकी गोल. ही झोपली आहे. जेवायलाही उठली नाही.

बंदरावर ठरल्याप्रमाणे पावणेअकराला पोचलो. सामान हमालाकडे दिलं, इथवर सगळं माझ्या आखणीबरहुकूम. आत गेलो तर माणसांचा हा पूर. एवढं मोठं दालन, त्यात पट्टे बांधून नागमोडी रांग, वीस-बावीस वळणं. त्यातच त्यांचं मशीन बंद पडलेलं, फोटो निघत नव्हते. गट, वेळ, सगळं कागदावर राहिलं. डाव्या हाताला निळा गालिचा होता, फोटोत होता तसाच. त्यावर तेव्हा एक माणूसही नव्हता.

पहिल्या वळणावर पिवळं जाकीट घातलेली एक बाई रांग सांभाळत होती. हिच्याकडे बघून थांबली. "आजी, तुम्ही इकडे कशाला उभ्या राहिलात? तिकडून या. डॉक्टरचा काही कागद आहे का?"

हिने माझ्याकडे न बघता पर्स उघडली. आतला कप्पा चाचपला. मग बाहेरचा. मग पुन्हा आतला. मग हात थांबला आणि हिने माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत होतो. कागद माझ्या खांद्यावर, दोन हातांवर होता. पिशवीच्या बंदाकडे हात गेला हे कबूल करतो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

"नाही हो, कागद नाही," ही त्या बाईला म्हणाली.

"कागदाशिवाय मला सोडता येत नाही," बाई म्हणाली. "खुर्ची मागवू का? पण खुर्चीसाठीही नाव आधी नोंदवावं लागतं, वेळ जाईल."

मी म्हटलं, आम्ही उभे राहू, दोघं ठणठणीत आहोत. बाईने पुन्हा एकदा हिच्याकडे बघितलं आणि पुढे गेली. हिने मोबाइल काढून काहीतरी टाइप केलं. मग चपला काढून पायाखाली घेतल्या आणि पट्ट्याचा खांब धरला.

"गोष्ट सांगा," म्हणाली.

"कसली?"

"तुमच्या खिडकीची. लंगड्याची सांगा."

ती हिने शंभर वेळा ऐकलीय. एक माणूस उजवा पाय ओढत आला, दाखल्यात डावा पाय लिहिलेला. मी म्हटलं, साहेब, पाय बदलून या. तर तो वळला आणि जाताना खरंच डावा पाय ओढत गेला! ही हसली. खांबाला कपाळ टेकवून हसली. मग मी आणखी सांगितल्या. काळा चष्मा लावून आलेला आंधळा, ज्याने माझ्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली. जुळ्या भावांचा एकच दाखला. मला रंग चढला होता. आजूबाजूचे चार लोकही ऐकायला लागले. ही मधून मधून "मग?" म्हणायची, हळू आवाजात, डोळे मिटून. दोन तास दहा मिनिटं लागली, पण मी म्हणतो, कळलीसुद्धा नाहीत.

तब्येतीचा फॉर्म हिने स्वतः भरला, माझ्याकडे पाठ करून, परीक्षेत मुलं पेपर झाकतात तशी. जहाजाच्या पुलावर मात्र चार वेळा थांबली. मी म्हटलं, चल ना, मागे लोक खोळंबलेत. म्हणाली, "पाणी बघू दे."

तर रांगेत उभं राहून, कुणाच्याही पुढे न घुसता आम्ही जहाजावर आलो. सरळ मार्गानेही सगळं होतं, हे हिला आता पटलं असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर अंथरुणात. बोट लागली म्हणते. जहाज तर टेबलासारखं स्थिर आहे. ओठ जरा निळसर वाटले. डॉक्टरला बोलावू का विचारलं, तर हात घट्ट धरून ठेवला आणि नाही म्हणाली. "तो उतरवेल आपल्याला पुढच्या बंदरात. उद्या बघू." हात थंड होता.

मला आज काही सुचत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज बरी वाटली. स्वतःहून म्हणाली, वर जाऊ. लिफ्टने वरच्या डेकवर नेलं, आरामखुर्ची मिळाली, अंगावर शाल. टोपी घातली. चारी बाजूंनी पाणी, जमिनीचा ठिपका नाही. हिने टोपीचा काठ वर सारला. मग बोटाने हवेत क्षितिजाची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फळ्यावर ओढायची तशी.

"निळा नाहीच आहे हो," म्हणाली. "बघा ना. इथे राखाडी, तिकडे हिरवा, आणि खाली तर काळाच. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं."

"एवढं चालतं."

"तुम्हाला चालतं? खोटं?"

"हे चालेल."

"आणि दुसरं एखादं?"

"दुसरं नाही," मी म्हटलं. ही हसली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "रांग बरी होती. दोन तास माझ्याशी बोलत होतात. घरी कुठे बोलता इतकं? वहीत लिहिता सगळं."

मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू की. आता दोघंही रिकामेच आहोत.

"हो," म्हणाली.

सूप अर्धी वाटी घेतलं. फार दिवसांनी मीठ मागितलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ही गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहितोय, कारण दुसरं काय करायचं ते कळत नाही.

जहाजावरच्या डॉक्टर बाई चांगल्या आहेत. कालच मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, या गोळ्या किती दिवस चालू होत्या? मी म्हटलं, कसल्या गोळ्या? हिला चष्मा एक आणि चष्म्याची घरं दोन. दुसऱ्या घरात गोळ्या होत्या, चार रंगांच्या. ते घर माझ्या डोळ्यांसमोर वर्षभर पडलेलं होतं.

"हृदय फार थकलं होतं त्यांचं," डॉक्टर म्हणाल्या. "दाखला नव्हता का कुणी दिला? आम्ही पहिल्यापासून लक्ष ठेवलं असतं."

मी विचारलं, रविवारी दोन तास रांगेत उभी होती, त्याने झालं का? म्हणाल्या, तसं म्हणता येणार नाही. एकतीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाला कळतं की 'म्हणता येणार नाही' म्हणजे 'नाही' नव्हे.

आज सकाळी जहाज बंदराला लागलं. सगळे प्रवासी सामानाच्या रंगाप्रमाणे गटागटाने उभे होते, उतरायची वाट बघत. कुणालाच उतरू दिलं नव्हतं. आधी आम्हाला नेलं. हिला पुढे, चाकांच्या खाटेवर, पांढरी चादर, आणि मागे मी, एका हातात हिची टोपी. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. तेच दालन, तीच नागमोडी रांग, त्यात नवे प्रवासी चढायला आलेले. पिवळ्या जाकिटातल्या त्याच बाईने पट्टा सोडला आणि आम्हाला निळ्या गालिच्यावरून बाहेर काढलं. तिने मला ओळखलं. मान खाली घातली.

जन्मात पहिल्यांदा मी रांग सोडून सगळ्यांच्या पुढे गेलो.

६ मार्च, गुरुवार

मुलगी रोज येते. आज प्रथमच आम्ही नीट बोललो. दीड वर्षापासून चालू होतं, म्हणाली. दर मंगळवारी दुकानाच्या वरच्या मजल्यावर दाखला देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. कोपरावरचा कापूस तिथला. डॉक्टर म्हणाले होते, जायचं तर आत्ताच जा, फक्त उभं राहू नका, चढू नका.

"मला का नाही सांगितलं?"

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना कळलं तर ते मला खाटेला बांधून घालतील आणि स्वतः पायथ्याशी बसतील. मला समुद्र बघायचाय. मग तुम्ही दाखला पकडलात, तेव्हा खोटाच आहे म्हणून मोकळी झाली. खरा म्हटला असता तर जाणं रद्द झालं असतं ना."

म्हणजे मी विचारलं, आणि तिने उत्तर दिलं, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. जन्मभरात एकाच माणसाच्या नुसत्या शब्दावर मी विश्वास ठेवला.

मग मुलीने मोबाइलवर एक संदेश दाखवला. हिचा, रविवारचा, अकरा पाचचा. रांगेत टाइप करत होती तो. 'कागद घरी विसरले ग. माझंच चुकलं. पण काळजी नको, उभं राहता येतंय. बाबांना गोष्टी सांगायला लावते.'

"एवढं बजावून सांगितलं होतं तिला," मुलगी म्हणाली. "पर्समध्ये ठेव म्हणून. आणि नेमकी तीच विसरली. आई कधी काही विसरत नाही हो बाबा. कशी विसरली?" आणि आईवर रागावून रडायला लागली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर बराच वेळ दाराशी उभा होतो.

१६ मार्च, रविवार

दहा दिवस ही वही उघडली नाही. खरं कारण लिहितो. मागच्या खिशात काय आहे ते मला माहीत होतं.

या दहा दिवसांत मुलगी चार वेळा म्हणाली, आई विसरली नसती तर. चार वेळा मी गप्प बसलो. पहिल्या वेळी धीर झाला नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं, पोरीला आणखी दुःख कशाला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मला सोपं जातंय. हिने मरता मरता माझ्यासाठी एक खोटा दाखला करून ठेवलाय आणि मी तो दाखवून मजेत सवलत घेतोय. काल ती चौथ्यांदा म्हणाली आणि आईचा फोटो उलटा करून ठेवला. म्हणाली, राग येतो तिचा.

आज कागद काढला. टेबलावर पसरला, दिवा जवळ ओढला, खिडकीत बसायचो तसा ताठ बसलो.

अक्षर घाईचं. आजार एका ओळीत. खाडाखोड एक, शेजारी सही. घड्या बोटांनी तपासल्या. सुती रुमालासारख्या मऊ. ही एकटी असताना कितीदा उघडून वाचत असेल? मी वर जाऊन चहाचं आधण ठेवायचो तेव्हा, खाली त्या कुंड्यांपाशी? एक घडी तर मधोमध उसवलीय. चारही कसोट्यांना उतरला. त्या दिवशीही उतरला होता, मी लिहूनही ठेवलंय इथेच, नऊ फेब्रुवारीला. माझ्याच हाताने.

हिरव्या शाईचं पेन दोन वर्षं बंद होतं, झटकून झटकून चालू केलं. कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिले. खरे.' खाली सही केली. तारखेपाशी हात थांबला. मग आजची टाकली. मागची टाकायची नाही, हा नियम माझाच.

फोटो सरळ करून ठेवला आणि त्याच्यासमोर कागद उघडा ठेवलाय. मुलगी चार वाजता येईल. तिला सांगायचंय की तिची आई काहीही विसरली नव्हती.